एकक बदलताना एककंही कापत चल

भाऊ, सातबाऱ्यावरचं ०.८१ हेक्टर म्हणजे किती एकर, ते मांडूनच काढ: ०.८१ हेक्टर × (१०,००० चौ.मी. ÷ १ हेक्टर) × (१ गुंठा ÷ १०१.१७ चौ.मी.). हेक्टर कटलं, चौरस मीटर कटले, उरले ८० गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे दोन एकर. एककं कटलीच नाहीत तर अपूर्णांक उलटा पडलाय.

खरी गोची क्षेत्रफळात. मीटरला ३.२८ फूट, म्हणून चौरस मीटरलाही तेच लावणारे परभणी-लातुरात पैशाला पासरी! तिथं ३.२८ चा वर्ग घ्यायचा, १०.७६. ताळा कर: गुंठा ३३ बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट; त्याला १०.७६ नं भागलं की वरचेच साधारण १०१.२ चौ.मी. येतात.

आर (१०० चौ.मी.) आणि गुंठा सारखाच धरलास तर टक्काभर फरक पडतो. फवारणीला चालतं, खरेदीखताला नाही.