विकिपीडियावर हेल–बॉप धूमकेतूच्या शीर्षकात हायफन हवा की डॅश? आणि संदर्भांची शैली बदलावी का?

इंग्रजी विकिपीडियावर तिथे एन-डॅश (हायफनपेक्षा थोडी लांब रेघ) आहे आणि तो योग्यच आहे. १९९५ मध्ये ॲलन हेल आणि थॉमस बॉप या दोघांनी स्वतंत्रपणे हा धूमकेतू शोधला. हायफन घातला की एकाच माणसाचं जोडआडनाव वाटतं. पण आंतरराष्ट्रीय खगोल संघ अशा नावांत हायफनच वापरतो, म्हणून वाद पेटतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, त्यामुळे थेट स्थानांतर (म्हणजे लेखाचं शीर्षक बदलणं) करू नका; चर्चापानावर विनंती टाका, ती साधारण ७ दिवस चालते. शीर्षकात डॅश राहिला तर हायफनवालं पुनर्निर्देशन (त्या नावावरून आपोआप मूळ लेखाकडे नेणारं पान) हवंच, कारण शोधताना डॅश कोणी टाइप करत नाही. (डॅश टाइप करायचाच असेल तर विंडोजवर ऑल्ट दाबून नंबरपॅडवर ०१५०.)

संदर्भांचं म्हणाल तर लेखात रुळलेली शैली चर्चेशिवाय बदलायची नाही. हाताने लिहिलेले संदर्भ साच्यांत (लेखक, पान वगैरे रकाने असलेल्या तयार नमुन्यांत) घालणं हासुद्धा बदलच, आणि नेमकं हेच उलटवलं जातं. नवा संदर्भ आधीच्यांसारखाच लिहा.

एक खाचखळगा: पुस्तकाच्या साच्यात 'पेजेस' या रकान्यात ३-१२ लिहिलंत तर साचा त्याची ३ ते १२ अशी पानं करतो. प्रकरण ३, पान १२ म्हणायचं असेल तर ते दुहेरी गोल कंसात टाका: ((३-१२)).