वाचकांचे प्रश्न : अणुभट्टी आणि लासलगावचा कांदा

प्रश्न : मुलगी बारावी विज्ञानला आहे. अणुऊर्जेत जायचं म्हणते. त्यासाठी ‘न्यूक्लिअर’ नावाचीच पदवी हवी का?

उत्तर : नको. अणुभट्टी म्हणजे शेवटी पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवणारा कारखाना. पंप, झडपा, वेल्डिंग, केबल यांचंच काम तिथे जास्त. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, यांतली आवडेल ती शाखा घेऊ द्या.

खरी गंमत भट्टी बंद केल्यावर आहे. बॉयलरखालचा कोळसा विझला की विषय संपतो. इथे विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबलं, तरी इंधनात साठलेली किरणोत्सारी द्रव्यं उष्णता देतच राहतात. १००० मेगावॅट उष्णता देणारी भट्टी बंद केल्याक्षणी सुमारे ६० मेगावॅट देत असते आणि दुसऱ्या दिवशीही ५ च्या आसपास. पाच मेगावॅट म्हणजे सेकंदाला दोन लिटर उकळत्या पाण्याची वाफ! फुकुशिमात २०११ साली भूकंप होताच चालू भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण त्सुनामीचं पाणी डिझेल जनरेटरमध्ये शिरलं, इंधन थंड ठेवणारे पंप थांबले आणि इंधन वितळलं. तेव्हा उष्मागतिकी आणि द्रवयांत्रिकी हे विषय तिने ‘पास होण्यापुरते’ करू नयेत.

पदवीनंतरचा नेहमीचा रस्ता म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल. वर्षभराचं प्रशिक्षण, मग सायंटिफिक ऑफिसर. वीजकेंद्रांसाठी एनपीसीआयएल ही सरकारी अणुवीज कंपनी ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या परीक्षेतल्या गुणांवर उमेदवार घेते. वयाची आणि गुणांची अट त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

प्रश्न : लासलगावला किरण दिलेला कांदा किरणोत्सारी होतो का? आणि तो तरीही सडतो कसा?

उत्तर : होत नाही. तिथे वापरतात त्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या गॅमा किरणांत तेवढी ऊर्जाच नसते. ६० ते ९० ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) एवढ्या मात्रेने फक्त कोंबाच्या पेशींची वाढ थांबते. असा कांदा कापल्यावर मधोमध कधी तपकिरी ठिपका दिसतो, तो हाच मेलेला कोंब. सड मात्र बुरशी आणि जिवाणूंची, त्यांना एवढ्या मात्रेने काही होत नाही. म्हणून कांदा आधी नीट सुकवावा लागतो. शिवाय आत कोंब हलायच्या आधीच किरण द्यावे लागतात, उशीर झाला की पैसे वाया.

कोबाल्टचा जोर महिन्याला सुमारे एक टक्का घटतो. मात्रा तेवढीच राखायची तर कांदा किरणांसमोर जास्त वेळ ठेवावा लागतो. तो हिशेब करणं हेही याच क्षेत्रातलं काम.