फोमचं विमान रंगवताना घाई नको रे

अरे पहिलंच रिमोटवालं विमान आहे ना, मग रंग घ्यायच्या आधी फोम कुठला ते बघ. थर्माकोल किंवा डेप्रॉन (गुळगुळीत, पातळ फोमशीट) असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे अजिबात मारू नकोस, मी मारला होता, पंखाला डोळ्यांदेखत खड्डे पडत गेले, पार जाळीदार घावन झालं त्याचं. त्यातलं सॉल्व्हंट फोम खातं. साधा सुपरग्लूही तसलाच, फोम-सेफवालाच घे. ईपीओ (लवचिक, दाणेदार फोम) दणकट असतो, तरी पोटाखाली एक टिपका लावून बघायचा. पाण्यातला अ‍ॅक्रिलिक आण, स्पंजने पातळ हात मार, जाड थर म्हणजे फुकटचं वजन आणि शेपटीकडे ते जास्त झालं की सीजी (विमानाचा तोल साधतो तो बिंदू) मागे सरकतो, मग विमान आवरत नाही.

आपटून नाक चेपलं तर? ईपीओ असेल तर मोटर, सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारी छोटी मोटर) सगळं काढ आणि उकळतं पाणी हळूहळू ओत, फोमचे मणी परत फुगतात, बघायला मजा येते (हात सांभाळ). पंख तुटला तर कडा घासून सपाट करू नकोस, तशाच एकमेकांत बरोब्बर बसतात, ५ मिनिटवालं इपॉक्सी थोडंसंच लाव, आत बांबूची काडी नाहीतर कार्बन रॉड, वरून टेप. आणि उडवायच्या आधी सीजी परत तपास, रिपेअरनंतर तो बहुतेक हललेला असतोच.