पहिला लेझर कटर घेण्याआधी

वॅट विचारण्याआधी स्वतःला विचारा, कापायचं काय आहे? पातळ प्लायवूड, पुठ्ठा, चामडं आणि कोरीवकाम एवढंच असेल तर १० वॅटचा डायोड लेझर (छोट्या इलेक्ट्रॉनिक चिपमधून किरण काढणारा) सुरुवातीला पुरतो. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक कापायचं असेल तर मात्र डायोड घेऊ नका. त्याचा ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्यातून आरपार जातो. तिथे सीओटू, म्हणजे नळीतल्या कार्बन डायऑक्साइड वायूतून किरण काढणारा लेझरच हवा, त्याचे १०.६ मायक्रॉनचे किरण अ‍ॅक्रिलिक शोषून घेतं आणि कड काचेसारखी चकचकीत येते. पण काचेची नळी, पाण्याचं कूलिंग, आरसे जुळवणं हे सगळं सांभाळावं लागतं.

जाहिरातीतला ४० वॅटचा आकडा कधीकधी मशीन खात असलेल्या विजेचा असतो. तुम्ही ऑप्टिकल पॉवर, म्हणजे प्रत्यक्ष किरणातून बाहेर पडणारी ताकद बघा.

बंद पेटीचंच मशीन घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतो. उघड्या मशीनमधून परावर्तित झालेला किरणही डोळा कायमचा निकामी करू शकतो. धूर बाहेर टाकणारा पंखा पहिल्या दिवसापासून हवा. पीव्हीसी किंवा रेक्झिन कधीच कापू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा विषारी वायू निघतो. आणि मशीन चालू असताना खोली सोडू नका, फोन आला तरी.