शिट्टी दादाच्या हातात द्या

प्रश्न : आम्ही मूळचे सोलापूरचे, सध्या कॅनडात ऑन्टॅरियोमध्ये राहतो. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात पाच ते नऊ वर्षांची पंचवीसेक मुलं येतात. तेरा-चौदाची झाली की मुलं यायची बंद होतात, म्हणून यंदा आम्ही मोठ्यांना ‘मदतनीस’ केलं. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तो जातो, पण कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसतो, नाहीतर पोरांवर खेकसतो. घरी आल्यावर म्हणतो, ‘मला तिथं काही कामच नसतं.’ शाळेचे समाजसेवेचे तास भरायला म्हणून पाठवत राहावं, की सोडून द्यावं?

उत्तर : ताई, तुमचा मुलगा खरं बोलतोय. खुर्च्या मांडायच्या, खाऊ वाटायचा, चटया गुंडाळायच्या आणि मधला सगळा वेळ भिंतीला टेकून उभं राहायचं, याला त्या वयाची मुलं काम म्हणत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. खेकसण्याचं कारणही तेच. पोरांना आवरायचं कसं हे कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा घरात जे ऐकलं तेच तोंडातून बाहेर पडतं.

तुम्ही सोलापूरच्या, म्हणजे गणपतीआधीचा लेझमीचा सराव मी तुम्हाला वर्णन करून सांगायला नको. हलगी वाजते, पुढं शिट्टीवाला, मंडळाची मोठी माणसं कडेला. पण लहान्याचा पाय चुकला की त्याला खांद्याला धरून सरळ करतो तो शेजारचा, त्याच्याहून चार वर्षांनी मोठा पोरगा. कडेचे काका प्रत्येक चुकीला मध्ये पडत नाहीत आणि सराव संपेपर्यंत निघूनही जात नाहीत. स्काउटची घडीही अशीच आहे. १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात स्काउटचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी मुलांच्या चार तुकड्या केल्या आणि प्रत्येकीचा नायक मुलांमधूनच नेमला.

म्हणून आधी ‘मदतनीस’ हे पद काढून टाका. पाच-सहा मुलं त्याच्या नावावर करा, दर रविवारी तीच. वयात किमान पाच वर्षांचं अंतर ठेवा. बारा वर्षांचा दादा नऊ वर्षांच्या मुलाला दादा वाटत नाही, तिथं नुसती बरोबरी चालते. सुरुवातीला त्याच्याकडे फक्त वीस मिनिटं आणि एकच खेळ. सहा वर्षांच्यांना ‘मामाचं पत्र हरवलं’, आठ-नऊच्यांना विषामृत किंवा लगोरी. अक्षरगिरवणी त्याच्या गळ्यात मारू नका. ती शिक्षकांची, आणि खरं सांगायचं तर शिक्षकांनाही ती फारशी आवडत नाही.

खेळ माहीत असणं आणि खेळ घेता येणं यात फार अंतर आहे. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी सगळ्या मोठ्या मुलांना कुणाच्या तरी घरी बोलवा आणि तालीम करा. पोरं कोण? तुम्ही. एका बाबानं रडायचं, एका आईनं ‘मला नाही खेळायचं’ म्हणून फुगून बसायचं, एकानं सारखं ‘मला सू लागली’ म्हणायचं. हसून मुरकुंडी वळेल, पण त्या हसण्यात मुलं तीन गोष्टी शिकतात. पहिली, एका वेळी एकच सूचना. ‘रांगेत उभे राहा, हात धरा आणि गाणं म्हणा’ यातलं लहानग्याला शेवटचं तेवढं ऐकू येतं. दुसरी, आधी करून दाखवायचं आणि मग बोलायचं. तिसरी सर्वांत अवघड : पोरं ‘अजून एकदा, अजून एकदा’ म्हणत असतानाच खेळ थांबवायचा. कंटाळा येईपर्यंत ताणलेला खेळ पुढच्या रविवारी कुणी खेळत नाही. रुसून बसलेल्या मुलाला ओढून आणायचं नसतं, त्याला गुण मोजायला बसवायचं, हेही त्याच तालमीत येतं.

आता भाषेचं. बहुतेक मोठी मुलं गप्प राहतात ती आळसानं नव्हे, स्वतःच्या मराठीच्या लाजेनं. ‘तो चेंडू आली’ असं तोंडातून गेलं की मागून एखादी मावशी ‘आला, आला’ म्हणून सगळ्यांसमोर सुधारते आणि दादाची दादागिरी तिथंच संपते. आपल्या गावात पूर्व भागातल्या किती घरांत तेलुगू, कुणाकडे कन्नड, आणि बाहेर पडलं की मराठी. सोलापूरच्या बोलीला पुण्याची माणसं आजही हसतात, म्हणून आपण बोलायचं थांबलो का? वर्ग चालू असताना मोठ्यांनी मुलाचं एकही वाक्य दुरुस्त करायचं नाही, हा नियमच करा. खेळाला लागणारी पंधरा-वीस वाक्यं तालमीतच तोंडात बसवा : ‘थांब’, ‘आता तुझी पाळी’, ‘कुणाला लागलं का?’, ‘हात सोडू नका’. एवढ्यावर वीस मिनिटं निभतात.

एका बाबतीत मात्र सैल राहू नका. तो कितीही शहाणा असला तरी पंधरा वर्षांचा आहे. मुलांची जबाबदारी मंडळाच्या मोठ्या माणसांची, आणि तुमच्याकडे त्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची पद्धत आहे, ती पाळाच. बंद खोलीत तो लहान मुलांबरोबर एकटा असता कामा नये. स्वच्छतागृहात मुलांना मोठ्यांनीच न्यावं. हात उगारायचा नाही, टोपणनावं ठेवायची नाहीत, मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढायचे नाहीत की कुठं टाकायचे नाहीत. आणि एखाद्या लहानग्यानं ‘कुणाला सांगू नको हं’ म्हणून काही सांगितलं, तर ते त्याच दिवशी शिक्षकांना सांगायचं. ही चहाडी नव्हे, हे त्याला आधीच समजावून ठेवा. मुलं हे गुपित मोठ्या माणसाआधी दादा-ताईलाच सांगतात.

वर्ग सुटल्यावर दहा मिनिटं शिक्षकांनी त्याच्याशी बसावं. तुम्ही नव्हे, आईनं गाडीत घेतलेली उलटतपासणी वेगळी. ‘आज काय जमलं?’ हा प्रश्न आधी, ‘काय फसलं?’ नंतर, आणि पुढच्या रविवारचा खेळ त्यानंच ठरवायचा. दोन-तीन महिने नीट गेले की वेळ वाढवा. मग पुढच्या वर्षी येणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलांची तालीम त्यालाच घेऊ द्या.

शाळेच्या तासांचं म्हणाल, तर ऑन्टॅरियोत बारावीच्या पदविकेसाठी ४० तासांची समाजसेवा लागते आणि नववीच्या आधीच्या उन्हाळ्यापासून ती मोजता येते. वर्गाचं काम त्यात धरतात का, हे त्याच्या शाळेत आधी विचारून घ्या आणि सह्या वेळच्या वेळी घ्या. तास मिळाले तर चांगलंच, पण रविवारी सकाळी गाडीत बसताना ‘अजून किती उरले?’ हा विषय काढू नका. मोजायला लागलेला मुलगा ४१व्या तासाला येत नाही.

हे सगळं करूनही तो नको म्हणाला, तर लहान मुलं हे त्याचं काम नाही असं समजा. गणेशोत्सवाचा ध्वनी, रंगमंचाची प्रकाशयोजना, ढोलाची दुरुस्ती यातलं एखादं सबंध काम त्याला द्या. काही मुलं यंत्राशी बोलतात, माणसांशी नंतर.

आणि तुमची धाकटी मुलगी त्याच वर्गात आहे असं पत्राच्या शेवटी लिहिलंत. तिला त्याच्या गटात अजिबात घालू नका. ती त्याचं ऐकणार नाही, तो तिच्यावरच जास्त ओरडेल, आणि उरलेली पाच पोरं ते बघत बसतील.