संदेश टिकतो कुणामुळे?

प्रश्न : कर्करोगाच्या गाठीच्या पेशींत एखाद्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या नाहीत, त्यात बदलही नाही; तरी त्याचं प्रथिन भरमसाट. यात आरएनए-बंधक, म्हणजे आरएनएला चिकटणाऱ्या, प्रथिनांचा हात कसा?

उत्तर : जनुकावरून संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप, पुढे नुसता 'संदेश') किती निघाला यापेक्षा निघालेला किती वेळ टिकला, यावर पुष्कळदा सगळं ठरतं. पेशीवाढीला चालना देणाऱ्या बऱ्याच संदेशांच्या शेवटच्या भागात ए आणि यू या अक्षरांची (आरएनएच्या घटकांची) दाटी असते. तिथे टीटीपी हे आरएनए-बंधक प्रथिन बसलं की संदेशाच्या टोकाचं पॉली-ए शेपूट (ए अक्षरांची माळ) कुरतडलं जातं आणि संदेश लवकर संपतो. त्याच जागी एचयूआर हे दुसरं आरएनए-बंधक प्रथिन बसलं तर तो तग धरतो. व्हीईजीएफ या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचा संदेश असा टिकला की गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या फुटतात. एचयूआर एरवी मुख्यतः केंद्रकात असतं, अनेक गाठींत ते पेशीद्रवात उतरतं. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची काचपट्टी पाहून नुसतं 'एचयूआर भरपूर' लिहू नका. कुठे आहे तेही लिहा.

कर्करोगाच्या प्रसाराचा मामला वेगळा, तो स्प्लायसिंगचा, म्हणजे संदेशाचे तुकडे कापून जोडण्याचा. ईएसआरपी-1 आणि 2 ही स्प्लायसिंग ठरवणारी आरएनए-बंधक प्रथिनं घटली की सीडी44 या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या संदेशातून मधले बदलते एक्झॉन (जोडले जाणारे तुकडे) वगळले जातात, आखूड सीडी44 तयार होतं आणि एकमेकींना चिकटून असलेल्या पेशी सुट्या होऊन सरकू लागतात. पण म्हणून ईएसआरपीला सरसकट सज्जन ठरवायला नको. उंदराच्या स्तनकर्करोगाच्या 4टी1 पेशींत ईएसआरपी-1 असेल, तर त्या फुफ्फुसात अधिक रुजतात.

प्रश्न : अ‍ॅक्टिनोमायसिन-डी हे नवा आरएनए बनणं थांबवणारं औषध देऊन व्हीईजीएफ संदेशाचा अर्धायुकाल (निम्मा संदेश संपायला लागणारा वेळ) मोजतो. आकडे दर वेळी वेगळे येतात. चूक कुठे?

उत्तर : औषध 5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, नमुने 0, 30, 60 आणि 120 मिनिटांनी, हे ठीकच. तुलनेला मात्र 18एस या रायबोसोममधल्या आरएनएसारखा टिकाऊ आरएनए घ्या. तुलनेचाच संदेश झिजत असेल, तर हिशेब बिघडतो. खरी खोच औषधात आहे : अ‍ॅक्टिनोमायसिन-डी स्वतःच एचयूआरला पेशीद्रवात आणतं, म्हणजे ज्याचा परिणाम मोजायचा तेच हलतं. 4-थायोयुरिडीनने (युरिडीन या आरएनएच्या घटकाच्या वेगळं ओळखू येणाऱ्या रूपाने) नव्या आरएनएवर खूण करून, मग साधं युरिडीन देऊन घट मोजलीत तर ही अडचण टळते.

प्रथिन संदेशाला पेशीतच चिकटतं हे दाखवायचं असेल, तर पेशी फोडण्याआधी 254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश देऊन ती जोडी पक्की करा. नाहीतर पेशीत कधी न भेटलेले आरएनए आणि प्रथिन नळीत एकत्र येतात. आरएनए कापणारं आरएनएझ हे विकरही बेतानं वापरा, जास्त झालं तर तुकडे इतके आखूड होतात की ते जनुकसंचात नेमके कुठले, हे कळत नाही.