आजींना ‘सात’ ऐकू का येत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी जपानमधील एका वृद्धाश्रमात काळजीवाहक म्हणून काम करते. तेथे औषधाच्या आणि जेवणाच्या सूचना संगणकाने घडवलेल्या आवाजात दिल्या जातात व त्यांचा मजकूर भरण्याचे काम आता तिच्याकडे आले आहे. आवाज वाढवला, वेग निम्म्यावर आणला, तरी तेथील आजी-आजोबा “काय म्हणाला?” असेच विचारतात. तिने नेमके काय बदलावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपल्या मुलीने पहिल्यांदा आवाज पूर्ववत करावा. वयोमानाने ऐकू येणे कमी होते तेव्हा सगळे सारखे मंद होत नाही; आधी उच्च कंप्रतेचे (बारीक, टिपेचे) आवाज जातात, म्हणजे स, श, च, त यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर मात्र बऱ्यापैकी शाबूत राहतात. त्यामुळे आवाज वाढवला की स्वरांचाच गोंगाट वाढतो, शिवाय अशा कानांना मोठा आवाज लवकर बोचू लागतो. मंगळवार पेठेतील आमच्या घरी गेल्या महिन्यात फोनवरील यंत्राने ‘सात तारीख’ सांगितली आणि आईने कॅलेंडरवर आठला खूण केली. साध्या फोनजोडणीवर साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचे काही पोहोचत नाही, ‘स’चा जोर बहुतेक त्याच्याही वर असतो, आणि ‘स’ गेल्यावर ‘सात’मध्ये उरते ते ‘आत’.

जपानीत हीच गत ‘इचि’ (एक) आणि ‘शिचि’ (सात) यांची होते. म्हणूनच घोटाळा टाळायचा असेल तेथे जपानी माणसे सातला ‘नाना’ म्हणतात. आपल्या नानांशी त्याचा संबंध नाही, पण दोन्ही ‘ना’ ठणठणीत ऐकू येतात. तेव्हा मजकुरात ‘शिचिजी’ऐवजी ‘नानाजी’, म्हणजे सात वाजता, असे उच्चारानुसार लिहावे. नुसता आकडा टाकल्यास यंत्र आपल्या मनाने वाचते.

दुसरी अडचण खास जपानी आहे. क, स, त अशा अघोष (घशात कंप न होता उच्चारल्या जाणाऱ्या) व्यंजनांच्या मध्ये आलेले इ आणि उ हे स्वर त्या भाषेत बहुधा नुसत्या श्वासावर उच्चारले जातात. औषधाला ‘कुसुरी’ म्हणतात, पण ऐकू येते ‘क्सुरी’. म्हणजे ज्या शब्दासाठी सगळी सूचना, त्याचाच पहिला स्वर गायब. यंत्रही हा प्रघात इमानाने पाळते. काही प्रणालींत असा स्वर पुन्हा सघोष करण्याची सोय असते. ती ठळक शब्दांपुरतीच वापरावी, कारण सगळीकडे वापरल्यास बोलणे परके वाटू लागते.

वेग निम्मा करणे मला पटत नाही. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. ऱ्हस्व-दीर्घावर अर्थ ठरणाऱ्या भाषेत सगळेच ताणले तर ऐकणाऱ्याचा अंदाज चुकू शकतो, आणि वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विसरला जातो तो वेगळाच. एनएचके या प्रसारण संस्थेच्या प्रयोगशाळेने वृद्ध श्रोत्यांसाठी बातम्या सावकाश ऐकवण्याचे तंत्र तयार केले, त्यात एकूण वेळ वाढू नये म्हणून मधले विराम कमी केले जातात. वृद्धाश्रमात घड्याळाची तशी घाई नाही. तेथे वेग थोडासाच उतरवावा, विराम उलट वाढवावेत आणि ते पदबंध (अर्थाने एकत्र येणारे शब्द) संपेल तेथेच द्यावेत. एका वाक्यात एकच काम सांगावे. आधी हाक, मग क्षणभर थांबून सूचना, असा क्रम ठेवल्यास कान तयार असतात.

राहिली चाचणी. मुलीने स्वतःच्या तरुण कानांवर ती सोपवू नये आणि “कळले का?” असेही विचारू नये. जपानी आजी नम्रपणे ‘हाय’ म्हणतील, आणि त्या ‘हाय’चा अर्थ पुष्कळदा आपल्या ‘हं’ इतकाच असतो. औषध किती वाजता घ्यायचे आहे, ते त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.